बाराव्या पायरीचा प्रश्न

७७ या संख्येच्या अंकांचा गुणाकार ४९. त्याचप्रमाणे ४९ वरून ३६, ३६ वरून १८ आणि १८ वरून ८. एकच अंक उरेपर्यंत चार पायऱ्या झाल्या. नील स्लोन यांनी १९७३ मध्ये या पायऱ्यांच्या गणतीला त्या संख्येची ‘चिकाटी’ असे नाव दिले.

एक, दोन, तीन अशा पायऱ्या घेणाऱ्या लहानात लहान संख्या ओळीने लिहिल्या की क्रमिका तयार होते: १०, २५, ३९, ७७, ६७९, ६७८८... अकराव्या जागी येते २७७७७७७८८८८८८९९. तेथे ती थबकते. बारा पायऱ्यांची संख्या २३३ अंकांपर्यंत शोधूनही सापडलेली नाही. मोठ्या गुणाकारात कोठेतरी शून्य येण्याचा संभव फार, आणि एक शून्य पुढच्याच पायरीवर सारे संपवते. मात्र संभव म्हणजे सिद्धता नव्हे. स्लोन यांचे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही.

अंकांच्या अशा अभ्यासाला अनेकदा केवळ करमणूक मानले गेले. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनाही ही उपेक्षा सोसावी लागली. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. स्लोन यांचा क्रमिकांचा संग्रह १९७३ मध्येच पुस्तकरूपाने आला आणि पुढे ऑनलाइन विश्वकोश झाला. त्यात ही चिकाटीची क्रमिका आहे, आणि अंकांच्या बेरजेतून कापरेकरांना गवसलेल्या ‘स्वयंभू संख्या’ही आहेत.