तळटीप १७ : बाणाची खूण

१७. बाणाची खूण : ब्रिटिश सरकारी मालकी दाखवणारा तीन रेघांचा रुंद बाण. हिंदुस्थान सरकारच्या शस्त्रावर बाणाखाली रोमन ‘आय’ अक्षर असे. वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो आणि बहुधा तोच गोळ्यांच्या फिरत्या चक्रावरही. आकडे जुळले नाहीत, तर एखादा भाग मागाहून बदलला आहे असे समजावे. सेवेतून काढून रीतसर विकलेल्या शस्त्रावर टोकाला टोक भिडवलेले दोन बाण ठोकत. हिसकावलेल्या शस्त्रावर अर्थातच ही जोडखूण नसे. शस्त्र रीतसर विकलेले की हिसकावलेले, ही प्रस्तुत मजकुरातील शंका त्यावरूनच उद्भवते. प्रतिसरकारच्या काळात (१९४३-४६) सातारा भागात पोलिसांची शस्त्रे भूमिगतांच्या हाती गेली होती. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तेही पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊनच. तेव्हा सांगली हे संस्थान होते. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. शस्त्रावरील खूण कानशीने घासून काढणे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. खूण पुसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली, असे कायदा गृहीत धरतो. तसे नसल्यास ते त्याने सिद्ध करायचे. – संपा.