जुने टायर रस्त्यात आणि भरावात कसे वापरतात? धोका कुठे असतो?

यवतमाळ जिल्ह्यातलं महागाव नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. अशा गावांत पंक्चरच्या दुकानामागे गुळगुळीत टायरांचा ढीग दिसतोच. त्यांत पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूचे डास वाढतात; जाळले तर विषारी धूर होतो. मग या टायरांचं करायचं काय? एक उत्तर बांधकामात आहे.

डांबरात रबर कशासाठी?

टायरमधली तार आणि धागे काढून रबराचा बारीक चुरा करतात. तो गरम डांबरात मिसळला की 'सीआरएमबी' तयार होतं. हे डांबर कडक उन्हात लवकर मऊ पडत नाही आणि त्याला तडेही कमी जातात. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा गुण मोलाचा. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातले अभियंते चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी हे तंत्र पुढे आणलं. भारतात त्यासाठी 'आयएस १७०७९' हे मानक आहे.

भरावात काय फायदा?

टायरचे मोठे तुकडे मातीपेक्षा बरेच हलके असतात आणि त्यांतून पाण्याचा झटपट निचरा होतो. म्हणून मऊ जमिनीवरच्या भरावात आणि संरक्षक भिंतीमागे ते वापरतात. मात्र पावसात फुगणाऱ्या, उन्हात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर हा रामबाण उपाय नाही. तिथे माती बदलणं किंवा चुना मिसळणं हे मार्ग आधी पाहावे लागतात.

धोका कुठे?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९५ मध्ये बांधलेले टायर तुकड्यांचे दोन जाड भराव काही महिन्यांतच आतून तापून धुमसू लागले. त्यानंतर अशा थराची जाडी ३ मीटरपर्यंत ठेवण्याचा नियम पुढे आला.

काँक्रीटमध्ये खडीऐवजी रबर घातलं तर मजबुती घटते. त्यामुळे घराच्या कॉलम, बीम किंवा स्लॅबमध्ये हा प्रयोग नको.

कायदा काय सांगतो?

केंद्राच्या २०२२ च्या नियमांनुसार टायर उत्पादक आणि आयातदारांवर पुनर्वापराची जबाबदारी आहे. २०२२-२३ मध्ये ३५ टक्के, २०२३-२४ मध्ये ७० टक्के आणि २०२४-२५ मध्ये १०० टक्के, असं हे उद्दिष्ट वाढत गेलं.

थोडक्यात, अख्खे टायर खड्ड्यात पुरणं म्हणजे पुनर्वापर नव्हे. मापात तुकडे, ठरलेली जाडी आणि अभियंत्याची देखरेख असेल, तरच टायर रस्त्याच्या कामी येतो.