खत, कोर्ट आणि होन्या केंगले

जांभोरी हे आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातले गाव. तिथल्या होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्याने १८७३ मध्ये सावकारांविरुद्ध बंड उभारले. कित्येक सावकार लुटले गेले, कित्येकांची नाके कापली गेली.

रागाचे मूळ खतात, म्हणजे कर्जरोख्यात होते. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली, ती खरे तर कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या सोयीची. सावकार मात्र मुदतीआधीच व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेई; निरक्षर कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. कोर्ट कागद पाही, हिशेब नव्हे. कूळ गैरहजर, की एकतर्फी हुकूमनामा.

१८७६ मध्ये होन्या पकडला गेला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतामागचा हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर टाकले.