१९५९ की १९६१? दोन मोटारी, दोन अमेरिका

१/ अमेरिकी आलिशान मोटारींच्या चाहत्यांत एक वाद कधीच मिटत नाही : सर्वोत्तम वर्ष कोणते? काहीजण १९५९ च्या कॅडिलॅकचे नाव घेतात, काहीजण १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेन्टलचे. दोहोंत अंतर अवघे दोन वर्षांचे. परंतु तेवढ्यात वैभवाची व्याख्याच पालटली. हा थ्रेड त्या पालटाविषयी.

२/ मुळात मोटारीला 'वर्ष' का चिकटले? १९२० च्या दशकात जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी रूप बदलण्याचे धोरण रुजवले. आपली गाडी धडधाकट असली, तरी शेजाऱ्याची नवी गाडी पाहून ती शिळी वाटावी, हा त्यामागचा हेतू. नवे मॉडेल आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच बाजारात येई.

३/ या धोरणाला आकार दिला हार्ली अर्ल यांनी. त्यांच्यासाठी १९२७ मध्ये कंपनीत 'आर्ट अँड कलर' हा स्वतंत्र विभाग निघाला. दुसऱ्या महायुद्धातील लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले छोटे टेलफिन १९४८ च्या कॅडिलॅकवर अवतरले.

४/ पुढे चढाओढ लागली. १९५७ मध्ये क्रायस्लरने उंच टेलफिन आणले. त्याला उत्तर म्हणजे १९५९ ची कॅडिलॅक : आभाळाकडे झेपावणारे टेलफिन आणि प्रत्येकावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे. याहून उंच टेलफिन कॅडिलॅकने पुन्हा कधी लावले नाहीत.

५/ मात्र १९५८ मध्ये अमेरिकेत मंदी आली आणि मोटारींची विक्री कोसळली. फोर्डची बहुचर्चित 'एडसेल' फसली. फोर्डचीच लिंकन त्या वर्षी तब्बल १९ फूट लांब झाली होती. तीही अपेक्षेइतकी खपली नाही. हे नावच बंद करावे की काय, असा विचार कंपनीत सुरू झाला.

६/ निर्णय रॉबर्ट मॅकनमारा यांच्या हाती होता. आकडेमोडीत मुरलेल्या या अधिकाऱ्याला भपक्याचे वावडे होते. एलवूड एंगल यांनी 'थंडरबर्ड'साठी घडवलेला मातीचा नमुना त्यांच्या दृष्टीस पडला. गाडी दोन दारांची होती. मॅकनमारांनी तिची चार दारांची लिंकन करायला सांगितले.

७/ १९६१ ची कॉन्टिनेन्टल आदल्या मॉडेलहून सुमारे सव्वा फूट आखूड होती. टेलफिन नाहीत, सपाट बाजू, वरच्या कडेने धावणारी क्रोमची एक रेघ. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. प्रत्येक गाडी रस्त्यावर तपासली जाई आणि हमी मिळे २ वर्षे किंवा २४,००० मैलांची. डामडौलाऐवजी टिकाऊपणा, हेच तिचे वैभव.

८/ म्हणून लिंकन जिंकली का? नाही. १९६१ मॉडेलच्या सुमारे २५,००० लिंकन तयार झाल्या. कॅडिलॅक सुमारे १,३८,०००. पण लिंकन तगली. आणि कॅडिलॅकचे टेलफिन वर्षागणिक खुजे होत गेले. १९६५ च्या मॉडेलवर ते उरले नाहीत.

९/ जानेवारी १९६१ मध्ये मॅकनमारा केनेडींचे संरक्षणमंत्री झाले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते ज्या उघड्या गाडीत बसले होते, ती १९६१ च्या कॉन्टिनेन्टलचीच लांबवलेली आवृत्ती होती. डागडुजीनंतर ती गाडी १९७७ पर्यंत सरकारी सेवेत राहिली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

१०/ १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये युद्धोत्तर समृद्धीचा निःशंक उत्साह आहे. १९६१ च्या लिंकनमध्ये ठेच लागल्यानंतरचा संयम. स्लोन यांनी गाडीला वर्ष चिकटवले ते ती लवकर जुनी वाटावी म्हणून. आज चाहते त्याच आकड्यासाठी गाडी जिवापाड जपतात. तुमची पसंती कोणती, १९५९ की १९६१? (समाप्त)