ई-क्लासवरचा तणमोर

मानोरा, कारंजा, मंगरूळपीर भागात गावाबाहेरच्या चराईच्या रानाला लोक 'ई-क्लास' म्हणतात. शब्द इंग्रजी अमदानीतला. 1853 साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले, पुढे महसूल खात्याने जमिनींचे वर्ग पाडले, आणि नांगराखाली नसलेल्या रानाला एक अक्षर चिकटले. गवताळ रान म्हणजे पडीक, ही समजूत अशाच दप्तरांतून रुजली असे आम्हाला वाटते.

कुसळी, पवना, मारवेल यांच्या या रानात तणमोर राहतो. माळढोकाच्या कुळातला, पण जेमतेम कोंबडीएवढा. पावसाळ्यात नर काळापांढरा होतो, डोक्यामागे पिसांचे तुरे येतात, आणि मादीला दिसावे म्हणून तो गवताच्या वर उंच उडी घेतो. दिवसातून शेकडो वेळा! हीच उडी त्याच्या मुळावर आली. बंदूकवाल्या साहेबाला ती नेम धरायला सोयीची होती. फास कुठे मांडायचा हे फासेपारध्याला तीच सांगे.

साहेब गेले, पारधी राहिले. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1991च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही थांबली. पक्ष्यांसाठी हे आवश्यकच होते. पण तितर-लाव्यांवर पोट भरणारा समाज गुन्हेगार ठरला, आणि गवत मात्र जातच राहिले. काही नांगराखाली गेले, काही अतिचराईने, तर काही चक्क वृक्षारोपणाने. (शाळांतून आपण झाडे लावतो ती चांगल्या हेतूनेच. माळावरच्या पक्ष्याचे मात्र त्याने घर मोडते.)

कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे, पण ते सुमारे 18 चौ. कि.मी.चे. तणमोर त्याच्या हद्दीत थोडाच थांबणार! तो ई-क्लासवर उतरतो, सोयाबीनच्या शेतातही शिरतो. म्हणून वाशीम-अकोला जिल्ह्यांत कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेने या शतकात सरळ फासेपारध्यांनाच सोबत घेतले. मादी कुठे बसते, नर कुठल्या गवतात नाचतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? तणमोराची शिकार थांबवायची आणि गवताचे पट्टे चराई व वणव्यापासून राखायचे, असे ठरले. 2006च्या वनहक्क कायद्यामुळे अशा सामूहिक राखणीला कायद्याचा आधारही मिळू शकतो.

2021 पासून तणमोर जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. गवत कापायचे ते पिल्ले उडती झाल्यावर. तोवर गुरे कुठे चारायची, हे मात्र गावाला दर पावसाळ्यात बसून ठरवावे लागते.