महिलांची दीर्घकालीन शारीरिक सक्रियता

महिलांची दीर्घकालीन शारीरिक सक्रियता म्हणजे स्त्रियांनी आयुष्याच्या सर्व टप्प्यांवर चालणे, व्यायाम, खेळ किंवा श्रम यांच्याद्वारे शरीराची पुरेशी हालचाल सातत्याने चालू ठेवणे होय. व्यायामाचा आरंभ करणे तुलनेने सोपे असते. विवाह, बाळंतपण, नोकरी आणि रजोनिवृत्ती या टप्प्यांवर तो खंडित होऊ न देणे कठीण असते. हे सातत्य केवळ वैयक्तिक निश्चयावर नव्हे, तर वेळ, जागा, सोबत आणि कुटुंबाचा सहभाग यांवरही अवलंबून असते. या लेखात त्याचा विचार मुख्यतः कोल्हापूरच्या संदर्भात केला आहे.

शिफारशी व सद्यःस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असे त्यात म्हटले आहे. याच संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया व ४२ टक्के पुरुष पुरेसे सक्रिय नाहीत.

पारंपरिक खेळ व श्रम

महाराष्ट्रात श्रावणातील मंगळागौर, भाद्रपदातील गौरी आणि आश्विनातील भोंडला या निमित्ताने स्त्रिया झिम्मा, फुगडी, पिंगा असे खेळ खेळत आल्या आहेत. बसफुगडीत मांड्यांची ताकद, तर उभ्या फुगडीत तोल व दमसास यांचा कस लागतो. समवयस्क मैत्रिणी, गाणी आणि घराची संमती हे या खेळांचे बळ होते. मात्र ते सणांपुरते मर्यादित होते. मंगळागौरीची पूजाही विवाहानंतरची पहिली पाच वर्षे करण्याची रीत आहे.

जात्यावरचे दळण व विहिरीचे पाणी शेंदणे हे श्रम यंत्रांमुळे व नळांमुळे कमी झाले. ग्रामीण भागात भांगलण, ऊसतोडणी यांसारखी कष्टाची कामे स्त्रिया आजही करतात. परंतु पुरेसा आहार व विश्रांती नसेल, तर अशा कष्टांतून शरीर बळकट होण्याऐवजी थकते.

कोल्हापुरातील क्रीडापरंपरा

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर कुस्तीचे केंद्र बनले. येथील तालमींत परंपरेने पुरुषांचाच वावर असे. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील रेश्मा माने यांच्यासारख्या महिला कुस्तीगिरांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भाग घेतला. नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी २००६ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली, २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेतेपद पटकावले आणि २०२१ मध्ये वयाच्या चाळिशीत टोकियो ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. सर्वसामान्य स्त्रियांसाठी रंकाळा तलावाचा परिसर व शिवाजी विद्यापीठाचे आवार ही सकाळी फिरण्याची परिचित ठिकाणे आहेत.

सातत्यास साहाय्यक घटक

वेळ : केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. त्यामुळे घरकामाची वाटणी हा व्यायामाच्या सातत्याशी थेट निगडित प्रश्न आहे.

सोबत : ठरावीक वेळी वाट पाहणारी मैत्रीण किंवा गट असल्यास खंड पडण्याचा संभव कमी होतो.

जागा : उजेड, सलग पदपथ, स्वच्छ स्वच्छतागृह आणि छेडछाडीपासून सुरक्षितता आवश्यक असते.

आवड व लवचीकता : आवडीचा प्रकार अधिक काळ टिकतो. वेळ कमी असेल त्या दिवशी दहा मिनिटे चालणेही उपयुक्त ठरते.

आरोग्यविषयक अडथळे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयामुळे लवकर दम लागतो. तो आळस समजला गेल्यास उपचार राहून जातात. बाळंतपणानंतर खोकताना किंवा उडी मारताना लघवी निसटणे हे व्यायाम सोडण्याचे एक न बोलले जाणारे कारण आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने हा त्रास बहुतेकदा कमी होतो. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. भरभर चालणे, जिने चढणे व वजन उचलण्याचे व्यायाम ती मंदावण्यास मदत करतात. दीर्घ खंडानंतर किंवा आजारपणानंतर व्यायाम पुन्हा सुरू करताना वैद्यकीय सल्ला घेऊन तो हळूहळू वाढवणे हितावह असते.