ओसरीवरचे सुधारक

"मामंजी फार मोठा माणूस," आजी म्हणायची. आणि जरा थांबून, "बाहेर."

मामंजी म्हणजे आजीचे सासरे, माझे पणजोबा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचे. वसंत व्याख्यानमालेत त्यांची जागा पहिल्या रांगेत, आगरकरांच्या 'सुधारक'चे अंक बांधून फडताळात ठेवलेले, आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाला दरसाल वर्गणी. ती वर्गणी कधी चुकली नाही, हे आजीसुद्धा कबूल करायची. आजी 1924 साली, चौदाव्या वर्षी त्या घरात आली. घर कसं चालतं ते तिला सासूबाईंनी नाही, वन्संनी शिकवलं.

वन्सं म्हणजे पणजोबांची धाकटी लेक, आम्हा पोरांची आत्येआजी. 1918च्या मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. माहेरी आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि जन्मभर तिथेच राहिली. मला आठवते ती चुलीपुढून स्टोव्हपुढे आलेली, कुणाशी फारसं न बोलणारी बाई. तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं आजीनं सांगितलेलं, तेही बहुतेक दुपारी, तांदूळ निवडताना.

त्यातली 1920 सालची गोष्ट आजीच्या लग्नाआधीची, वन्संनी तिला सांगितलेली. 1918च्या कायद्यानं नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली होती. पुण्यात प्रश्न उभा राहिला: सक्ती करायची, पण कुणाला? मुलींनी शिकूच नये असं उघड म्हणायचे दिवस तोवर सरत आले होते. वाद पैशाचा होता. तिजोरीत पैसे कमी, तेव्हा आधी मुलगे, मुलींचं मागाहून बघू, असं टिळकांच्या पक्षाचं म्हणणं. त्याविरुद्ध रमाबाई रानडे उभ्या राहिल्या, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे उभे राहिले, आणि पुण्याच्या बायकांनी रस्त्यावर मिरवणूक काढली.

पणजोबा अर्थातच रमाबाईंच्या बाजूचे. मिरवणुकीच्या आधी ओसरीवर बैठका झडल्या. दहा-बारा मंडळी, चहाच्या फेऱ्या, पोह्यांच्या बश्या. पोहे आत्येआजीचे. ती दाराआडून सगळं ऐकत होती आणि तिनं मनाशी ठरवलं होतं की मिरवणुकीला जायचं. आदल्या रात्री तिनं वडिलांना तसं विचारलं. पणजोबा चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. त्यांना खरोखरच अडचण पडली होती. "अगं, तू गेलीस तर मंडळींच्या फराळाचं कोण बघणार?"

मंडळी येणार होती ती मिरवणुकीला पाठिंबा द्यायलाच.

पुढं तिनं एकदा हिंगण्याला पाठवा म्हणून धीर करून विचारलं. शिकेन, मास्तरीण होईन. तेव्हाचं उत्तर आजीला पाठ होतं, कारण वन्संनाही ते पाठ होतं. "तो आश्रम अनाथांसाठी आहे. तुझा बाप जिवंत आहे." कर्व्यांच्या संस्थेचं नाव अनाथ बालिकाश्रम होतं, म्हणजे पणजोबा चुकीचं काही बोलले नव्हते.

अशा माणसाला ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही, कारण त्यांच्यापुढे कित्ता फार मोठ्या माणसाचा होता. 1873 साली न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे नावाजलेले पुरस्कर्ते. आता हे विधवेशीच लग्न करणार, अशी मित्रांची खात्री. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी समोर उभी केली आणि रानड्यांनी मान तुकवली. त्यांची सख्खी बहीण दुर्गा विधवा होती. तिचा पुनर्विवाह झाला नाही. पण त्याच रानड्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला घरादाराचा रोष पत्करून शिकवलं, आणि सत्तेचाळीस वर्षांनी पुण्याच्या मिरवणुकीत पुढे होती ती हीच मुलगी. या हिशेबात जमा किती आणि खर्च किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं ते टिळकांनी, ही यातली गंमत. 1890 साली संमतिवयाच्या कायद्यावर रण माजलं होतं. कलकत्त्याला फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या बळजबरीनं मेली होती, आणि सरकार संमतिवय दहाचं बारा करू पाहत होतं. टिळकांनी विरोध केला. तो मला आजही पटत नाही. पण त्यांनी सुधारकांना उलट आव्हान दिलं: कायदा कशाला, आधी स्वतःला बांधून घ्या. मुलीचं लग्न सोळाच्या आत नाही, मुलाचं विसाच्या आत नाही, चाळिशीनंतर लग्न करायचंच तर विधवेशी, हुंडा नाही, विधवेचं केशवपन नाही. कायद्याच्या अर्जावर एक सही पुरत होती. या अटींपायी मात्र घर बदलावं लागलं असतं. अण्णासाहेब कर्व्यांनी ते बदललं. 1893 साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला. वर्गणी देणारे पुष्कळ निघाले, बहिष्कार सोसणारे थोडे.

आत्येआजीच्या दागिन्यांचं आजीनं मला फार उशिरा सांगितलं. सासरहून परत येताना तिच्या अंगावरचे पाटल्या-गोठ-तोडे तेवढे बरोबर आले होते. ते मोडून माझ्या आजोबांचं वकिलीचं शिक्षण झालं. पणजोबांनी लेकीला विचारलं होतं, असं म्हणतात. ती नाही म्हणाली असती तर काय झालं असतं, ते कुणी म्हणत नाही. "त्या वकिलीवर मीच जेवले की गं आयुष्यभर," आजी म्हणाली आणि सूप आपटून उठली.

आजोबांना वन्संबद्दल अपार आदर होता. रोज सकाळी तिच्या पाया पडून कोर्टात जायचे. पाया पडायला पैसे पडत नाहीत.

म्हणून मला शरद जोशींची 'लक्ष्मीमुक्ती' मोठी वाटते. त्यांच्या शेतकरी संघटनेनं शेतकऱ्यांना सांगितलं: घरच्या लक्ष्मीला मानता ना, मग जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरांनी केला ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आदर सातबाऱ्यावर मागणारा पुढारी आपल्याकडे विरळाच.

आमचा वाडा पुढं बिल्डरकडे गेला. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी बापाच्या मिळकतीत वारस आहे, हे वकिलाच्या घरात सांगायला नको होतं. तरी माझ्या तिन्ही आत्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. त्या वर्षीच्या भाऊबीजेला प्रत्येकीला पैठणी मिळाली. बाबांचा बहिणींवर जीव होता, यात मला शंका नाही. 'माहेर तुटायला नको' म्हणून सह्या केल्या, असं धाकटी आत्या मला म्हणाली. मी तो कागद पाहिला आहे. त्यात 'राजीखुशीने' असं लिहिलंय आणि मोबदल्याच्या जागी 'काही नाही'.

2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मानंच हिस्सेदार आहे. हक्कसोडपत्रं तरीही होतात. वाचणाऱ्या भावांनो, तुमच्या घरात असा कागद असेल तर तो एकदा काढून वाचा. आणि बहिणीला फोन करून विचारा, सही करायच्या आधी तिला कुणी काही विचारलं होतं का.